मंद्र धैवत कुठे गेला? एका छोट्या स्टुडिओतल्या स्थिर तरंगांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हा स्टुडिओ आहे. मालक स्वतःच ध्वनिमुद्रक. काम बहुतेक शास्त्रीय गायनाचं, मधूनमधून अभंग आणि नाट्यगीतं. शेजारच्या मोठ्या खोलीत गाणं रेकॉर्ड होतं आणि लहान खोलीत त्याचं मिक्सिंग होतं. हे प्रकरण त्या लहान खोलीचं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मापांना मात्र हात लावलेला नाही, कारण सगळी गोष्ट मापांवरच उभी आहे.

खोली ४.३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच. भिंती नऊ इंची विटांच्या, वर सिमेंटचा गिलावा, डोक्यावर स्लॅब. मूळची खोली याहून रुंद होती, पण सामानासाठी जागा हवी म्हणून मालकांनी एक आडभिंत घातली आणि रुंदी तीन मीटरवर आली. पुढच्या भिंतीजवळ टेबल आणि दोन मॉनिटर स्पीकर, खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यरेषेवर, पुढच्या भिंतीपासून सुमारे ३.२ मीटरवर. खुर्चीमागे, भिंतीला लागून, पाहुण्यांचा सोफा. चारही भिंतींवर दोन इंची पिरॅमिड फोम चिकटवलेला होता. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून केलेली ही सजावट दिसायला अगदी स्टुडिओसारखी होती आणि खोलीत टाळी वाजवली तर आवाज कोरडा, चटकन विरणारा वाटायचा. मालकांचा समज असा की खोलीचा प्रश्न मिटला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनिरचना हा माझा व्यवसाय नाही. मालकांचा भाचा आमच्याकडे बी.एस्सी.ला होता, त्याच्यामुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

अडचण

तक्रार गायकाची होती. त्यांचा षड्ज पेटीची काळी एक. पूरियाचा विलंबित ख्याल रेकॉर्ड झाला होता, आणि पूरिया म्हणजे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात रमणारा राग. त्यातले निषाद आणि धैवत हरवले की रागच हरवतो. मिक्स स्टुडिओत ऐकला तेव्हा सगळे खूष होते. दुसऱ्या दिवशी गायकांनी तो गाडीत ऐकला, मग घरी ऐकला आणि फोन केला : "अहो, माझा मंद्र धैवत कुठे गेला? मी तो लावला होता!"

त्याच मिक्समध्ये उलटी तक्रारही होती. तबलजींचं म्हणणं, डग्गा भलताच घुमतोय, लग्नाच्या मांडवात वाजावा तसा.

मालकांनी मिक्स पुन्हा उघडला. खुर्चीत बसून ऐकलं तर धैवत ठीक आणि डग्गा मवाळ. त्यांनी स्वतः केलेले बदल तपासले, तेव्हा उलगडा अर्धा झाला. मिक्स करताना ११५ ते १२० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतोय असं वाटून त्यांनी तो भाग बराच कापला होता, आणि डग्गा ऐकू येत नाही म्हणून ८० हर्ट्झच्या आसपास भरपूर वाढवला होता. काळी एकचा षड्ज म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ. त्याचा मंद्र शुद्ध धैवत येतो ११५.५ च्या आसपास. म्हणजे कापला गेला तो नेमका धैवतच.

म्हणजे खुर्चीत बसणाऱ्या कानाला खोली चुकीची माहिती देत होती. पण ती फक्त काही सुरांबाबत का, आणि इतका फोम लावूनही का?

मोजमाप आणि निदान

खोलीच्या मापांवरून आकडेमोड करणं हे पहिलं काम. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी जात-येत राहतो. अंतर जर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसलं, तर जाणारा आणि परतणारा तरंग एकमेकांवर असे बसतात की स्थिर तरंग तयार होतो. खोलीत त्या दिवशी साधारण २७ अंश तापमान होतं, ध्वनीचा वेग सुमारे ३४७ मीटर प्रतिसेकंद. लांबीच्या दिशेने येणाऱ्या वारंवारता निघाल्या ४०, ८१ आणि १२१ हर्ट्झ. रुंदीच्या दिशेने ५८ आणि ११६. उंचीच्या दिशेने ६० आणि १२०.

कागदावर हे तीन आकडे शेजारी शेजारी आले तेव्हाच खरं तर निदान झालं होतं : ११६, १२०, १२१. तिन्ही दिशांचे स्थिर तरंग एकाच पट्टीत गर्दी करून बसलेले, आणि त्या गर्दीत गायकांचा धैवत. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५८ आणि ६० चीही जोडी जमली होती. आडभिंतीने खोलीला हा आकार दिला होता.

पण आकडेमोडीवर मालकांचा विश्वास बसेना, आणि त्यात गैर काही नाही. "सर, आवाज स्पीकरमधून निघतो आणि कानापर्यंत येतो. मध्ये उभा कसा राहील?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणून आम्ही एकच सूर दोन ठिकाणी वाजवून पाहायचं ठरवलं.

आधी गच्चीवर. एक स्पीकर जमिनीवर ठेवला, ८१ हर्ट्झचा शुद्ध सूर लावला. एक माइक स्पीकरजवळ स्थिर, दुसरा जमिनीलगत धरून हळूहळू दूर नेला. दोन्ही माइकच्या लहरी लॅपटॉपवर एकाखाली एक दिसत होत्या. माइक दूर जाईल तशी दुसरी लहर पडद्यावर सरकत गेली. मीटरभरापेक्षा थोडं जास्त अंतर गेल्यावर ती पाव आवर्तनाने मागे पडलेली होती, आणि पुढेही सरकतच राहिली. आवाज अंतराबरोबर एकसारखा उतरत गेला. मध्ये कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. हा प्रगामी तरंग : प्रत्येक बिंदूची कला, म्हणजे आवर्तनातला टप्पा, वेगळी, प्रत्येक बिंदूला आंदोलन मिळतं फक्त थोडं उशिरा, आणि ऊर्जा बाहेरच्या दिशेने निघून जाते.

मग तोच स्पीकर, तोच सूर, खोलीत. एक माइक मागच्या भिंतीजवळ स्थिर ठेवला आणि दुसरा तिथून मध्यरेषेवर पुढच्या भिंतीकडे न्यायला सुरुवात केली. आता पडद्यावरची लहर सरकेना. उंची कमी होत गेली, पण दोन्ही लहरींचे माथे एकाखाली एक, जागच्या जागी. ३.२ मीटरच्या खुणेपाशी, म्हणजे जिथे मालकांची खुर्ची होती तिथे, लहर जवळजवळ सपाट झाली. आणखी थोडं पुढे जाताच ती पुन्हा वाढू लागली, पण उलटी : एकीचा माथा तिथे दुसरीचा तळ. मग खोलीच्या मध्यापर्यंत वाढली, पुन्हा उतरली आणि पुढच्या भिंतीपासून साधारण १.१ मीटरवर दुसऱ्यांदा सपाट झाली. तिथून पुढे परत सुलट.

लहर सपाट होते ती जागा म्हणजे निस्पंद. दोन निस्पंदांमधलं अंतर सुमारे २.१५ मीटर भरलं. ते अर्धी तरंगलांबी, म्हणून तरंगलांबी ४.३ मीटर, तिला ८१ ने गुणलं की वेग ३४८ च्या घरात येतो. आकडेमोड आणि मोजमाप जुळलं. (ही युक्ती जुनी आहे. ऑगस्ट कुंट यांनी १८६६ मध्ये काचेच्या नळीतल्या भुकटीच्या ढिगांवरून ध्वनीची तरंगलांबी मोजली, आणि हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये धातूच्या पत्र्यावरून विद्युतचुंबकीय तरंग परतवून, त्यांचे निस्पंद शोधून, त्यांची. धावता तरंग मोजायला अवघड, म्हणून आधी त्याला उभा करायचा.)

पाठ्यपुस्तकात प्रगामी आणि स्थिर तरंगांच्या फरकाचा एक तक्ता असतो आणि मुलं तो पाठ करतात. त्या खोलीत तक्त्यातली प्रत्येक ओळ पडद्यावर दिसत होती. दोन निस्पंदांमधले सगळे बिंदू एकाच कलेत. निस्पंद ओलांडला की कला उलटी. आयाम, म्हणजे आंदोलनाची उंची, जागेवर अवलंबून, काही जागी मोठा, काही जागी जवळजवळ शून्य. आणि ऊर्जेचं वहन सरासरीने नाही. ती दाबाच्या रूपातून हवेच्या हालचालीत आणि हालचालीतून पुन्हा दाबात, अशी त्याच पट्ट्यात खेळत राहते.

निस्पंदात आवाज शून्य का झाला नाही, हे भाच्याने विचारलं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पातळीत २४ डेसिबलचा फरक होता, म्हणजे दाब सोळापट कमी, शून्य नव्हे. भिंती येणारी सगळी ऊर्जा परतवत नाहीत, थोडी पितात. तेवढी ऊर्जा भिंतीपर्यंत पोचवायला तरंगाचा काही भाग प्रगामीच राहावा लागतो. खऱ्या जगातला स्थिर तरंग असा भेसळीचा असतो, आणि ही भेसळ वाढवणं हाच आमचा उपाय ठरणार होता.

आणखी एक गोष्ट उलगडली. मालक म्हणत होते की धैवत नेहमी फुगत नाही, लांबवला तरच फुगतो. याचं कारण स्थिर तरंग एका क्षणात उभा राहत नाही. जाणं-येणं अनेकदा व्हावं लागतं, प्रत्येक फेरीत थोडी भर पडते, आणि भिंतींत जेवढी ऊर्जा मुरते तेवढीच स्पीकर देऊ लागला की वाढ थांबते. आलापातला ठेहराव त्याला हा वेळ देतो. खटक्यात निसटून जाणारा धैवत देत नाही. सूर थांबल्यावरही तो लगेच जात नाही. रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरवर पाहिलं तर १२० च्या आसपासचा आवाज ६० डेसिबल उतरायला जवळजवळ ०.९ सेकंद लागत होते, तर वरच्या पट्टीत ०.२ सुद्धा नाही. खुर्चीतल्या कानाला ११६ ते १२१ चा उंचवटा सरासरीपेक्षा ११ डेसिबल वर आणि ८१ चा खड्डा १६ डेसिबल खाली. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन मींड घेतली की सूर ८० वरून वर सरकतो. म्हणजे एकाच मींडेत आवाज आधी गायब आणि मग अंगावर येणारा. तबलजी आधी इथे बसून ऐकते तर त्यांनीच सांगितलं असतं.

पर्याय

पहिला पर्याय फोम विकणाऱ्यानेच सुचवला : आणखी फोम, या वेळी तीन इंची. फोमसारखं सच्छिद्र द्रव्य हवेच्या हालचालीला घर्षणाने अडवतं आणि ध्वनीची उष्णता करतं. भिंतीला हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. दोन इंच, म्हणजे पाच सेंटीमीटर, ही पाव तरंगलांबी असते सुमारे १७०० हर्ट्झला. त्याच्या वर फोम उत्तम, खाली उतरत जाणारा, आणि १२० हर्ट्झला पाव तरंगलांबी ७२ सेंटीमीटर असताना तीन इंचांनी काय होणार? टाळीचा आवाज कोरडा झाला तो यामुळे, आणि धैवतावर काही परिणाम झाला नाही तोही यामुळेच. उलट वरचे सूर गिळले गेल्याने खालचे अधिकच उघडे पडले होते.

यावर भाचा आणि इंटिरियरवाले यांच्यात चांगली जुंपली. भाच्याचं म्हणणं, भिंतीपाशी निस्पंद असतो, तिथे आवाजच नाही, मग भिंतीवर काहीही लावून उपयोग शून्य. इंटिरियरवाले म्हणत, कान लावून बघा, भिंतीपाशीच बास सर्वांत जास्त. दोघेही बरोबर होते. भाच्याच्या पुस्तकातली आकृती हवेच्या कणांच्या विस्थापनाची होती. त्याचा भिंतीशी निस्पंद. कान आणि माइक दाब मोजतात. त्याचा भिंतीशी प्रस्पंद, म्हणजे सर्वांत मोठं आंदोलन. एकाचा निस्पंद तिथे दुसऱ्याचा प्रस्पंद. शाळा-कॉलेजात ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, पण इथे तिच्यावर पैसे लागले होते. हालचालीवर चालणारा शोषक भिंतीपासून पुढे हवा, दाबावर चालणारा भिंतीला चिकटून.

दुसरा पर्याय इक्वलायझरचा, म्हणजे ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाचा. खोली मोजून आपोआप दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर मिळतं आणि मालकांचा ओढा त्याकडे होता, कारण त्यात ना धूळ ना सुतार. उंचवटा कापण्यापुरतं ते एका जागी बरं चालतं. खड्ड्याला मात्र ते निरुपयोगी. ८१ ला १० डेसिबल वाढवले तर स्पीकरकडून येणारा तरंग १० ने वाढतो आणि भिंतीवरून परतणाराही १० नेच. वजाबाकी जशीच्या तशी. फक्त स्पीकरवर ताण येतो आणि मागच्या सोफ्यावर भूकंप होतो. शिवाय दुरुस्ती खुर्चीपुरतीच. रुंदीच्या ११६ च्या तरंगाचा दाबाचा निस्पंद बाजूच्या भिंतीपासून ७५ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे सोफ्याच्या मधोमध बसलेल्या आणि कडेला बसलेल्या पाहुण्यांना दोन वेगळे धैवत ऐकू येणार.

तिसरा पर्याय सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा स्पीकर. तो विक्रेत्याचा होता आणि मी त्याला सरळ विरोध केला. एखाद्या सुराला खोलीत जागा मिळत नसेल तर तो जोरात वाजवून जागा तयार होत नाही. दोन-तीन सबवूफर विचारपूर्वक मांडून काही स्थिर तरंग एकमेकांकडून रद्द करवता येतात हे खरं, पण तो या खोलीचा खर्च नव्हता.

चौथा पर्याय हेडफोनचा. खोलीच नको! स्वस्त आणि तात्पुरता म्हणून तो लगेच स्वीकारला. कायमचा नाही, कारण गायक आणि वादक शेजारी बसून ऐकतात आणि त्यांच्यासमोर हेडफोन घालून बसणं मालकांना जमणारं नव्हतं.

पाचवा, खुर्ची आणि स्पीकर हलवणं. सहावा, जाड शोषक : रॉकवूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीच्या, चौकटी, कोपऱ्यांत आणि भिंतींपुढे हवेची पोकळी सोडून. सातवा, प्लायच्या बंद पेट्या, ज्यांचा पुढचा पडदा ठरावीक वारंवारतेला दाबाने हलतो आणि ऊर्जा खातो. ११८ हर्ट्झसाठी सहा मिलिमीटर प्लाय आणि मागे सुमारे सात सेंटीमीटर पोकळी पुरते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत सात सेंटीमीटरांत भागणं ही चैन आहे.

काय केलं

क्रम असा ठरवला की फुकटची कामं आधी. खुर्ची मध्यरेषेवरच ठेवून दहा-दहा सेंटीमीटरने पुढे सरकवली आणि प्रत्येक जागी मोजलं. ३.२ मीटरवर ८१ चा निस्पंद; बरोबर मध्यावर ४० आणि १२१ चे निस्पंद. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असा एक प्रचलित नियम आहे. तो इथे १.६३ मीटर सांगतो. प्रत्यक्षात १.७ मीटरची जागा सर्वांत समतोल निघाली. स्पीकर पुढच्या भिंतीला आणखी जवळ गेले. ८१ चा १६ डेसिबलचा खड्डा ३ वर आला. एक रुपया खर्च न होता अर्धं दुखणं गेलं.

धैवताचं दुखणं तसंच होतं, ११ चे १० झाले एवढंच. कारण स्पष्ट होतं. रुंदीच्या दुसऱ्या तरंगाचा दाबाचा प्रस्पंद मध्यरेषेवरच असतो, आणि दोन्ही स्पीकरांपासून सारखं अंतर हवं तर मध्यरेषा सोडता येत नाही.

इथे एक निर्णय झाला ज्याच्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही. उंचीच्या १२० च्या तरंगाचा निस्पंद जमिनीपासून पाऊण मीटरच्या किंचित खाली येतो. खुर्चीत बसलं की कान १.२ मीटरवर, म्हणजे प्रस्पंदाच्या बाजूला. पण गादीवर मांडी घालून बसलं तर कान पाऊण मीटरच्या जवळ! आम्ही स्पीकर खाली घेतले, बैठं टेबल आणलं आणि मोजलं. उंचवटा ४ डेसिबल उतरला. गवई आणि तबलजी नाही तरी खालीच बसतात. त्यांना ते फारच आवडलं. अडचण दोन. ६० हर्ट्झचा उंचीचा पहिला तरंग तेवढ्या खाली अधिक जोरात येतो, तानपुऱ्याखाली एक जडपणा जाणवू लागला. आणि दिवसातून आठ-दहा तास मांडी घालून काम करणं मालकांच्या गुडघ्यांना परवडेना. खुर्ची परत आली. ६० चा जडपणा पुढे शोषकांनी कमी करता आला असता असं मला वाटतं, पण गुडघे त्यांचे होते.

मग सुतारकाम. भिंतींवरचा निम्म्याहून जास्त फोम काढला, ही मालकांना सर्वांत जड गेलेली गोष्ट. चारही उभ्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूल, ४८ किलो प्रतिघनमीटर घनतेची, मांजरपाटाच्या कापडात गुंडाळून. कोपरा निवडण्याचं कारण, तिथे लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचे तरंग एकाच चौकटीत सापडतात आणि तिरकी चौकट लावली की मागे आपोआप खोल पोकळी राहते. छताखाली, खुर्चीच्या वर, पंधरा सेंटीमीटर जाडीची चौकट स्लॅबपासून वीस सेंटीमीटर सोडून टांगली; ती उंचीच्या तरंगासाठी. मागच्या भिंतीपुढे तीस सेंटीमीटर जाडीचा पूर्ण रुंदीचा थर, सोफा त्याच्या पुढे सरकला. बाजूच्या दोन्ही भिंतींना वीस-वीस सेंटीमीटर. रॉकवूल कापताना मुखपट्टी आणि हातमोजे घातले. तंतू अंगाला भयंकर खाजतात.

प्लायची पेटी एक करून पाहिली होती. ती ११८ ऐवजी १३० च्या आसपास बोलू लागली. चौकटीला प्लाय किती घट्ट बसला, सांधे किती हवाबंद झाले, यावर तिची वारंवारता सरकते. मालकांनी दुसरी करायला नकार दिला.

एक गोष्ट मालक वारंवार विचारत होते : परदेशातल्या स्टुडिओंच्या व्हिडिओत फोम आणि दोन-चार पॅनेल लावून काम भागतं, मग इथे एवढा पसारा का? तिथल्या घरांच्या आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात. असा पातळ पडदा खालच्या सुरांना स्वतः थोडा हलतो आणि त्यांची ऊर्जा खातो; एका अर्थी ती भिंतच प्लायची पेटी असते. आपली नऊ इंची वीट हलत नाही. शेजाऱ्यांसाठी ते फार चांगलं, आतल्या माणसासाठी वाईट. तो सल्ला चुकीचा नसतो, दुसऱ्या भिंतींसाठी दिलेला असतो.

निष्पत्ती

सगळं बसल्यावर पुन्हा मोजलं. खुर्चीतला ११६ ते १२१ चा उंचवटा १० वरून ४ डेसिबलवर आला, आणि त्या पट्टीतला आवाज विरण्याचा वेळ ०.९ सेकंदांवरून ०.४ वर. ८१ च्या सुराला खोलीभर फिरून पाहिलं तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पातळीतला फरक २४ ऐवजी १५ डेसिबल. लहर सपाट होण्याऐवजी निस्पंदापाशी आता थोडी सरकताना दिसत होती : मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या तरंगाचा मोठा हिस्सा परत येत नव्हता.

उरलेल्या ४ डेसिबलवर इक्वलायझरने ३ चा अरुंद छेद दिला. मालकांना आधीपासून हवा असलेला उपाय शेवटी वापरला गेला, पण त्याच्या योग्य जागी : उंचवट्यावर, थोडासा, आणि खोली आधी वठणीवर आणल्यानंतर.

४० हर्ट्झचं काहीच झालं नाही. तिथे पाव तरंगलांबी दोन मीटरच्या वर जाते, म्हणजे तो तरंग खाण्यासाठी अर्धी खोली रॉकवूलने भरावी लागेल. गायन आणि तबल्याच्या कामात त्या पट्टीत फारसं काही नसतं, म्हणून सोडून दिलं. हाच स्टुडिओ चित्रपटाच्या आवाजाचं काम घेता तर हे चाललं नसतं.

पूरियाचा मिक्स नव्याने केला. गायकांनी तो पुन्हा गाडीत ऐकला आणि त्यांचं एकच म्हणणं आलं, की तानपुरा किंचित कमी हवा. तक्रार खोलीची राहिली नव्हती, आवडीची झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

आडभिंत हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय, आणि तो घेताना कोणी ध्वनीचा विचारच केला नाही. तीच भिंत अर्धा मीटर पलीकडे घातली असती तर रुंदी ३.५ मीटर होऊन तिचे स्थिर तरंग सुमारे ५०, ९९ आणि १४९ हर्ट्झवर गेले असते. १२० ची गर्दी तिघांऐवजी दोघांची राहिली असती आणि ६० ची जोडी फुटली असती. लांबी, रुंदी, उंची यांत दोन मापं सारखी किंवा एकमेकांच्या पटीत नकोत, एवढी आकडेमोड गवंड्याला बोलावण्याआधी पाच मिनिटांत होते. ती भिंत पाडायचा विषय मी काढला होता. पलीकडे आता कपाटं होती, माइकचे स्टँड होते, आणि मालकांच्या पत्नींचं लोणच्याच्या बरण्यांचं दालनही. विषय पुढे गेला नाही.

फोमच्या आधी मोजमाप व्हायला हवं होतं. एक माइक, मोफत सॉफ्टवेअर आणि एका संध्याकाळचं काम. त्यातून कळलं असतं की दोष वरच्या पट्टीत नाहीच. टाळी वाजवून खोली तपासण्याची सवय फसवी आहे, कारण टाळीत खालचे सूर जवळजवळ नसतात. तपासायचंच असेल तर एक खालचा, लांब सूर लावून खोलीत चालावं. चालताना आवाज वर-खाली झाला, आणि त्या जागा दुसऱ्या फेरीतही तिथेच सापडल्या, तर तिथे स्थिर तरंग आहे.

बाजूच्या भिंतींबाबत आम्ही घाई केली असं माझं मत आहे. वीस-वीस सेंटीमीटरने खोली २.६ मीटरवर आली आणि दोन माणसं शेजारून जाताना आता अंग चोरतात. फसलेल्या पेटीत प्लायच्या आत पट्ट्या ठोकून वजन वाढवत नेलं असतं तर ती १३० वरून ११८ वर आणता आली असती. वजन वाढलं की वारंवारता उतरते, आणि माइक समोर ठेवून हे करणं अवघड नाही. अशा पेट्या बाजूच्या भिंतींना पुरल्या असत्या आणि रॉकवूल कोपऱ्यांसाठी, छतासाठी व मागच्या भिंतीसाठी राखता आली असती. मालकांना हे मी सांगितलंय. पुढच्या उन्हाळ्यात, काम कमी असतं तेव्हा, डावीकडच्या भिंतीवर चार पेट्या करून पाहायचं ठरलं आहे.